भिंतीआड जाणारे पत्राकाम

कॅनव्हास विकणाऱ्या आमच्यासारख्या दुकानदारांकडे एक गिऱ्हाईक हमखास येते. ते म्हणजे एअरकंडिशनिंगचे डक्ट बसविणारा ठेकेदार. पंख्याचे हादरे पत्र्याच्या डक्टमध्ये उतरू नयेत म्हणून दोहोंच्या मध्ये वीतभर कॅनव्हास जोडावा लागतो. माझी या धंद्याशी ओळख तेवढीच होती. पण माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा या कामात मुरलेला आहे. दोह्याला अकरा वर्षे तो डक्टमन होता. नंतर सासुरवाडीमुळे इंग्लंडात लँकेशायरला स्थायिक झाला. मध्यंतरी महिनाभर मी त्याच्याकडे राहिलो. भर थंडीचे दिवस होते, बाहेर फिरण्याची सोय नव्हती. म्हणून रोज त्याच्याबरोबर कामावर जाऊन बसलो. तेथे जे पाहिले ते आपल्या पत्राकाम करणाऱ्या आणि आखातात डक्टिंगवर असलेल्या मंडळींच्या उपयोगाचे वाटले, म्हणून हा लेख.

आखातात डक्ट म्हणजे थंड हवा. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन, कॅनडा या मुलखांत घरगुती डक्टचे काम वेगळे आहे. तेथे सहा-सहा महिने खिडकी उघडता येत नाही. गरम करण्याचे इंधन महाग, म्हणून नवी घरे अशी घट्ट बांधतात की फटीतूनही वारा शिरत नाही. मात्र माणसे आत श्वास घेतात, स्वयंपाक करतात, अंघोळ करतात, ओले कपडे आतच वाळवतात. चार माणसांच्या घरात दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. ती वाफ थंड भिंतीवर, कपाटामागे, खिडकीच्या कडेला जाऊन बसते आणि तेथे काळी बुरशी धरते.

ही बुरशी केवळ रंग खराब करणारी वस्तू नव्हे. लँकेशायरला लागूनच असलेल्या रॉचडेल शहरात अव्वाब इशाक नावाचा सुदानी आईबापांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये वारला. वय अवघे दोन वर्षे. घर एका बेडरूमचे, भाड्याचे. आईबाप बुरशीबद्दल वारंवार तक्रार करीत होते आणि घरमालक संस्था त्या कुटुंबाच्या राहणीलाच दोष देत होती. नोव्हेंबर 2022 मध्ये कॉरोनरने निर्णय दिला की दीर्घकाळ बुरशीत राहिल्यामुळे मुलाच्या श्वसनसंस्थेवर परिणाम होऊन त्याचा मृत्यू झाला. राहणीला दोष देण्यात आपली चूक झाली, असे त्या संस्थेने मग कबूल केले. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि 27 ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधील सामाजिक भाडेघरांना त्याचा पहिला टप्पा लागू झाला. तातडीच्या धोक्यावर 24 तासांत हालचाल करणे आता घरमालक संस्थेवर बंधनकारक आहे. माझा भाचा ज्या गल्लीत राहतो तेथे हे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे. हवेचे काम करणाऱ्या माणसाकडे लोक आता नुसता मिस्त्री म्हणून पाहत नाहीत.

आता यंत्राकडे वळू. इंग्लंडात याला एमव्हीएचआर म्हणतात, कॅनडात एचआरव्ही. एक पेटी असते. साधारण आपल्या घरातील लहान फ्रीजएवढी किंवा त्याहून छोटी. आत दोन पंखे, दोन फिल्टर आणि मधोमध पातळ पापुद्र्यांचा एक ठोकळा. स्वयंपाकघर, बाथरूम, संडास येथील उबदार, दमट हवा एक पंखा ओढून बाहेर टाकतो. दुसरा पंखा बाहेरची ताजी, थंड हवा ओढून बेडरूम व बैठकीच्या खोलीत सोडतो. ठोकळ्यात या दोन हवा पापुद्र्याच्या अलीकडून-पलीकडून जातात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण ऊब इकडून तिकडे जाते. हिशेब सोपा आहे. घरात 20 अंश आणि बाहेर 5 अंश असताना यंत्राने 80 टक्के ऊब परत मिळविली, तर खोलीत येणारी ताजी हवा 17 अंशांची असते. बाकीचे तीन अंश तेवढे हीटरने भरायचे.

ही कल्पना कालपरवाची नाही. कॅनडातील रेजायना शहरात 1977 मध्ये सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस नावाचे नमुन्याचे घर उभे राहिले, त्यात अशी यंत्रणा होती. जर्मनीत डार्मस्टाट येथे 1991 मध्ये पहिले ‘पासिव्हहाऊस’ राहते झाले, तेथेही हेच तत्त्व. त्या मंडळींच्या प्रमाणपत्रासाठी यंत्राने निदान 75 टक्के ऊब परत दिली पाहिजे, अशी अट आहे.

परंतु यंत्र कोणीही दुकानातून आणू शकतो. खरी कसोटी डक्टची. माझा भाचा तेथेच सपशेल आपटला होता आणि ती हकीकत त्याने मला स्वतः, कसलीही लपवाछपवी न करता सांगितली.

इंग्लंडात गेल्यावर त्याला पहिले काम मिळाले ते एका ठेकेदाराच्या हाताखाली. तीन बेडरूमचे, सुमारे 100 चौरस मीटरचे नवे घर. याने मनात म्हटले, ज्या हातांनी दोह्यात टॉवरचे डक्ट चढविले त्यांना हे घर म्हणजे खेळणे. सामानही ठेकेदाराने स्वस्तातले दिलेले. पोटमाळ्यावर मशीन टांगली आणि तेथून प्रत्येक खोलीकडे 100 मिलिमीटरची मऊ, ॲकॉर्डियनसारखी लवचिक नळी सोडून दिली. जेथे लांब झाली तेथे गोळा करून ठेवली, जेथे तुळई आडवी आली तेथे दाबून वळविली. दोन दिवसांत काम खलास. वरून सीलिंगचे बोर्ड लागले, प्लास्टर झाले, रंग झाला.

मग तपासणीचा दिवस आला. तेथील नियमाप्रमाणे घर ताब्यात देण्यापूर्वी प्रत्येक जाळीतून किती हवा जाते ते मीटरने मोजून कागदावर लिहून द्यावे लागते. एक कागद घरमालकाला, एक तपासणी खात्याला. नियमाचे आकडे ठरलेले आहेत. सतत चालणाऱ्या यंत्रणेने स्वयंपाकघरातून सेकंदाला 13 लिटर, बाथरूममधून 8, संडासातून 6 लिटर हवा ओढता आली पाहिजे. तीन बेडरूमच्या घराला एकूण ताजी हवा सेकंदाला किमान 31 लिटर, किंवा क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला 0.3 लिटर, यांपैकी जे जास्त असेल ते. या घरात स्वयंपाकघर, दोन बाथरूम व एक संडास मिळून ओढ झाली 35 लिटर, म्हणून पुरवठाही 35 धरलेला. प्रत्यक्षात मीटर लावल्यावर स्वयंपाकघरात निघाले 7 आणि मागच्या छोट्या बेडरूममध्ये, जेथे 7 यायला हवे होते, तेथे जेमतेम 3. पंखा वाढविला तर आकडा थोडा चढे, पण मशीन असे घोंघावे की घरमालकीण कानावर हात ठेवून बाहेर गेली. ठेकेदाराने पैसे रोखले. रंगविलेली छते फोडून सगळे पुन्हा करावे लागले आणि बोर्ड व प्लास्टरचा खर्च भाच्याच्या मजुरीतून कापला गेला. तीन महिने घर उधारीवर चालले. बायकोचे दागिने मोडण्याची वेळ येते की काय, अशी स्थिती होती.

‘‘मामू, मला पत्रा येत होता, हवा येत नव्हती,’’ असे तो म्हणाला.

चूक नेमकी कोठे झाली ते समजून घ्यावे. दोह्यात पंखा जोरदार असतो. डक्टमध्ये थोडी अडचण असली तरी तो ढकलून नेतो, आवाज झाला तरी तो ऑफिसच्या गडबडीत बुडतो. घरातील यंत्राचा पंखा मुळातच छोटा, वीज कमी खाणारा. आणि तो रात्री झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर चालतो. त्यामुळे हवेचा वेग कमी ठेवावा लागतो, घरात सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या आसपास. आता 35 लिटर हवा 100 मिलिमीटरच्या नळीतून नेली तर वेग होतो जवळजवळ साडेचार मीटर. 125 च्या नळीत तो 2.85 होतो आणि 150 मध्ये सुमारे 2 मीटर. घर्षणाचा हिशेब तर याहून कडक आहे. तेवढीच हवा न्यायची असताना नळी 100 वरून 125 केली, तर विरोध तिसऱ्या हिश्श्यावर येतो. व्यास चारआणे वाढविला की पंख्याचा दोन तृतीयांश बोजा उतरतो. कापडाच्या पन्ह्यात असा फायदा मी आयुष्यात पाहिला नाही.

आणि ती मऊ नळी! ती ताणून सरळ बसविली तरच थोडीफार चालते. गोळा झाली की आतल्या वळ्या उभ्या राहतात आणि हवा प्रत्येक वळीला ठेचकाळते. तेथील नियमावलीही लवचिक नळी फक्त शेवटच्या जोडापुरती, आखूड आणि ताणलेली वापरावी असेच सांगते.

दुसऱ्यांदा काम करताना भाच्याने मशीनपासून 150 मिलिमीटरची स्पायरल पत्र्याची मुख्य लाइन टाकली आणि पुढे 125 च्या फांद्या काढल्या. या पत्र्याच्या नळीच्या फिटिंगला रबराची कडी असते. ती आत बसली की हवा गळत नाही. कोपरे कमीत कमी घेतले, आणि घेतले ते रुंद गोलाईचे. स्क्रू आखूड मारले, कारण आत डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकावर धूळ साठून जाळे होते. मशीनच्या दोन्ही बाजूंना, खोल्यांकडे जाणाऱ्या लाइनवर, आवाज गिळणाऱ्या नळ्या बसविल्या. नाहीतर एका बेडरूममधले बोलणे डक्टमधून दुसऱ्या बेडरूममध्ये ऐकू येते. नवरा-बायकोच्या घरात सासू-सासरे राहत असतील तर या नळीचे महत्त्व सांगायला नको.

आता बरेच लोक दुसरी पद्धत वापरतात. मशीनजवळ एक वाटपाची पेटी ठेवायची आणि तेथून प्रत्येक खोलीला 75 मिलिमीटरची, आतून गुळगुळीत प्लास्टिकची स्वतंत्र नळी न्यायची. मध्ये कोठेही जोड नाही. अशी एक नळी सेकंदाला साधारण 8 लिटर हवा आरामात नेते, म्हणून स्वयंपाकघराला दोन टाकतात. नळी जास्त लागते पण हात कमी लागतो, आणि खोलीचा आवाज खोलीतच राहतो. पत्राकाम जाणणाऱ्याला यात कमीपणा वाटतो हे मी समजू शकतो. हातमाग सोडून पॉवरलूमवर बसणाऱ्यालाही वाटले असेल.

पत्र्याच्या कामात जे दिसत नाही त्याबद्दल थोडे लिहितो, कारण पैसे बुडतात ते तेथेच.

पहिली गोष्ट पाण्याची. बाहेरून मशीनपर्यंत येणारी आणि मशीनमधून बाहेर जाणारी अशा दोन्ही नळ्यांत थंड हवा वाहते. मशीन उबदार खोलीत असेल तर या नळ्यांवर थंड सरबताच्या ग्लासाप्रमाणे घाम येतो. म्हणून त्या दोन नळ्यांना जाड आवरण आणि त्यावर वाफ न शिरणारे वेष्टन, तेही जोडांसकट, हवेच. मशीन थंड पोटमाळ्यावर असेल तर उलट. तेथे खोल्यांकडे जाणाऱ्या व खोल्यांतून येणाऱ्या नळ्या गुंडाळाव्या लागतात, नाहीतर परत मिळविलेली ऊब पोटमाळ्यालाच दान होते. शिवाय ठोकळ्यात दमट हवा थंड होताना पाणी सुटते. त्याला उताराची बारीक नळी आणि वास अडविणारा ट्रॅप लागतो. भाच्याने मला एक दुरुस्तीचे घर दाखविले. तेथे आधीच्या मिस्त्रीने ही नळी उलट्या चढावर नेली होती. पाणी मशीनमध्ये साठून सीलिंगवर पिवळा नकाशा उमटला होता. चूक दोन इंचांची, खर्च नव्या सीलिंगचा.

दुसरी गोष्ट टेपची, आणि येथे माझ्यातला कापडवाला जागा झाला. इंग्रजीत ज्याला ‘डक्ट टेप’ म्हणतात ती कापडी चिकटपट्टी मुळात ‘डक’ कापडाची. आपल्या बाजारातही डक म्हणजे जाड विणीचे सुती कापड. हा शब्द डच भाषेतील कापड या अर्थाच्या ‘डूक’ शब्दावरून आला. परंतु नावात डक्ट असूनही ती पट्टी डक्टवर टिकत नाही! अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 1998 मध्ये जोड बंद करणाऱ्या निरनिराळ्या वस्तू गरम-थंड करून तपासल्या. त्यात हीच कापडी पट्टी सातत्याने सुटली. जोडाला मॅस्टिक लावावे, किंवा चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियम टेप, तीही पत्रा पुसून, कोरडा करून. कापडाची बाजू घ्यावी असे मन म्हणत होते, पण पुरावा विरुद्ध गेला.

तिसरी, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. डक्ट टाकून झाल्यापासून जाळी बसेपर्यंत नळीची तोंडे बंद ठेवावीत. प्लास्टर घासण्याची धूळ एकदा आत गेली की ती मूल झोपलेल्या खोलीत महिनोन्‌महिने येत राहते. भाचा आता प्रत्येक तोंडावर प्लास्टिकचे झाकण मारतो आणि त्यावर तारीख लिहितो. रंगारी झाकण काढतोच, पण तारीख पाहून भांडता तरी येते.

स्वयंपाकघराच्या बाबतीत आपल्या लोकांना एक सूचना वेगळी द्यावी लागते. शेगडीवरच्या चिमणीची नळी या यंत्राला जोडायची नाही, ही सक्त मनाई समजावी. आपल्या घरांत फोडणी, तळण, मटणाचा रस्सा रोजचा. तेलाची वाफ ठोकळ्यात जाऊन चिकटली की यंत्र निकामी, आणि तेलकट डक्ट म्हणजे आगीला रस्ता. ओढण्याची जाळी शेगडीपासून दूर ठेवतात. मात्र चिमणीतून थेट बाहेर जाणारी नळी काढली तर घराचा घट्टपणा आणि हवेचा तोल बिघडतो, म्हणून तेथे आत फिरणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वापरतात. आपल्या बायकांना ती पुरेशी वाटत नाही, हे माझ्या भाचेसुनेचे ठाम मत मी येथे नोंदवून ठेवतो.

दरवाजांचे काम सुताराचे, पण ठोका डक्टवाल्याला बसतो. हवा बेडरूममध्ये येते आणि बाथरूममधून जाते, म्हणजे मधून ती दाराखालून गेली पाहिजे. नेहमीच्या 760 मिलिमीटर रुंद दाराखाली तयार फरशीपासून 10 मिलिमीटरची फट लागते. नंतर मालक जाड गालिचा अंथरतो, फट बंद होते आणि फोन येतो की तुमची मशीन बिघडली.

तसेच बाहेरची हवा ओढण्याचे तोंड बॉयलरच्या धुराड्याजवळ, कचऱ्याच्या डब्यावर किंवा स्वतःच्याच घाण हवेच्या तोंडाशेजारी काढू नये. हे सांगण्याची गरज काय, असे मलाही वाटले होते. एका घरात तिन्ही एकाच भिंतीला हातभर अंतरात पाहिले.

धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट मोकळेपणाने सांगावी लागेल. हे यंत्र प्रत्येक घराला विकू नये. लँकेशायरमधील जुनी, गिरणीकामगारांसाठी बांधलेली विटांची घरे फटींनी भरलेली आहेत. तेथे हवा आपोआप गळते, मग ऊब परत मिळवायची कोणाकडून? अशा घरात आधी फटी बुजवाव्या लागतात, नाहीतर बाथरूम व स्वयंपाकघरात चांगला, सतत मंद चालणारा पंखा लावणे स्वस्त आणि शहाणपणाचे. पुष्कळ विक्रेते असे सांगत नाहीत. माझ्या भाच्याने माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितले. मी दुकानदार, माझा जीव वरखाली झाला. आठ दिवसांनी त्याच गिऱ्हाइकाच्या मेहुण्याचे नवे घर त्याला मिळाले.

आखातातील डक्टमन मंडळींना मोठ्या इमारतींत थंड हवा वाचविणारे फिरते चाक पाहिलेले असते. तत्त्व तेच आहे, त्यामुळे शिकायला अवघड नाही. कैची, बेंड, रिव्हेट, सगळे हातात बसलेले असते. शिकायचे ते मोजणे. भाच्याने तेथील बीपीईसी संस्थेचा घरगुती व्हेंटिलेशनचा छोटा अभ्यासक्रम केला आणि हवेचा वेग मोजण्याचे मीटर स्वतःच्या पैशाने घेतले. हे वाचून कोणी व्हिसासाठी एजंटाच्या हातात पैसे ठेवू नयेत. हे काम परदेशी माणसाला सहजासहजी मिळते असा माझा दावा नाही. पण ज्यांचे मुलगे, जावई तेथे आधीच आहेत आणि टॅक्सी चालवीत आहेत, त्यांनी विचार करावा.

त्या पहिल्या घरी भाचा मला मुद्दाम घेऊन गेला. फिल्टर बदलायचे होते. वर्षातून एकदोनदा ते बदलावेच लागतात. मागच्या छोट्या बेडरूममध्ये आता पाळणा होता. घरमालकिणीने चहा केला आणि मशीन चालू आहे की बंद ते कळतच नाही, अशी तक्रारवजा स्तुती केली. भाच्याने जाळीवर मीटर धरून मला आकडा दाखविला. 7.1. मग खिशातल्या वहीत तो लिहिला, त्याच पानावर, जेथे पहिल्या दिवशीचा 3 अजून खोडलेला नाही. उरलेल्या मऊ नळीची भेंडोळी त्याच्या शेडमध्ये पडून आहेत. लागेल तसा वीतभर तुकडा तो कापून घेतो.